प्रीॲम्प घेण्याआधी खोली मोजा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, आतली दहा बाय दहाची खोली, तिथे ख्यालगायनाचं रेकॉर्डिंग. आवाज पुरुषाचा, पट्टी काळी एक. माइक रोडचा एनटी१-ए, इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) फोकसराइटचा स्कार्लेट २आय२, तिसऱ्या पिढीचा. तक्रारी दोन आहेत. आवाज ‘पातळ’ येतो, आणि आलापीत तानपुऱ्याच्या मागे सूं सूं ऐकू येते. दीड लाख रुपये बाजूला काढले आहेत. त्यात वेगळा मायक्रोफोन प्रीॲम्प (माइकचा अशक्त सिग्नल वाढवणारं यंत्र) आणि वेगळा कन्व्हर्टर (त्या सिग्नलचे संगणकासाठी आकडे करणारं यंत्र) कोणता घ्यावा? साधे दोन्ही इंटरफेसच्या पोटात असतातच.

माझं उत्तर आधी सांगून टाकते: आत्ता दोन्ही घेऊ नका. पण नुसतं ‘घेऊ नका’ ऐकून कुणाचंच समाधान होत नाही, माझंही झालं नव्हतं. म्हणून का घेऊ नका, आणि कधी घ्या, हे नीट मांडते. बावीस वर्षं मी हेच काम करते आहे, त्यातला अर्धा काळ लोकांच्या घरातल्या खोल्यांत. गायकांनी साठवलेले पैसे चुकीच्या पेटीत गेलेले मी फार वेळा पाहिले आहेत.

सगळा घोटाळा मोजपट्टीचा आहे. माइकच्या माहितीपत्रकावर त्याचा स्वतःचा नॉइज ध्वनिदाबाच्या डेसिबलमध्ये दिलेला असतो. प्रीॲम्पचा डीबीयूमध्ये, म्हणजे विजेच्या दाबाच्या मापात, तोही ‘ईआयएन’ नावाच्या आकड्यात (प्रीॲम्पच्या तोंडाशी धरलेला त्याचा स्वतःचा नॉइज). कन्व्हर्टरचा तिसऱ्याच मापात, डायनॅमिक रेंज म्हणून (पेलवणारा सर्वांत मोठा सिग्नल आणि त्याचा स्वतःचा नॉइज यांतलं अंतर). आणि खोलीचा तर कुठेच दिलेला नसतो. तीन दुकानांत तीन वेगळ्या मापांनी तोललेला माल समोर ठेवल्यावर जड काय आणि हलकं काय, हे कुणालाही कळणार नाही. म्हणून मी सगळं एकाच मापात आणते: माइकपाशी पोचणाऱ्या आवाजाच्या डेसिबलमध्ये. म्हणजे प्रत्येक यंत्राचा नॉइज हा खोलीत वाजणारा एक बारीकसा आवाज आहे असं समजायचं, आणि तो किती डेसिबलचा हे काढायचं.

तुमच्याच सामानाचं गणित करू. एनटी१-ए ९४ डेसिबलच्या आवाजाला २५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे साधारण उणे ३० डीबीयू. त्याचा स्वतःचा नॉइज ५ डेसिबल. बाजारातल्या सगळ्यात शांत माइकांपैकी तो एक आहे. तुमच्या इंटरफेसच्या प्रीॲम्पचा ईआयएन उणे १२८ डीबीयू. ९४ डेसिबलला उणे ३० मिळतात, तर उणे १२८ कशाला मिळतील? ९८ खाली उतरा: उणे ४ डेसिबल. म्हणजे निरोगी माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजाच्याही खाली. आता कन्व्हर्टर. तार षड्जावर मोकळा आवाज लावला आणि माइक फूटभर अंतरावर असला, तर शिखर १०५ डेसिबलपर्यंत जातं असं धरू. वर १० डेसिबल मोकळी जागा ठेवली, की डिजिटल शून्य, म्हणजे ज्याच्या वर आवाज फाटतो ती पातळी, ११५ डेसिबलवर बसतं. तुमच्या इंटरफेसच्या कन्व्हर्टरची डायनॅमिक रेंज १११ डेसिबल, म्हणजे त्याचा तळ ४ डेसिबलवर.

माइक ५, कन्व्हर्टर ४, प्रीॲम्प उणे ४. तिघांची बेरीज केली की ७.८ डेसिबल होतात (डेसिबल साध्या अंकांसारखे मिळवत नाहीत, आधी त्यांची ऊर्जा काढून मिळवतात).

आणि खोली? रात्री अकरानंतर, पंखा बंद, खिडक्या बंद, रस्त्यापासून आत असलेली फ्लॅटमधली खोली मला बहुतेक वेळा ३०च्या आसपास मिळते. पंखा लावला की ४० ओलांडते. दुपारी खाली कुणी दुचाकी चालू केली तर विचारायलाच नको. (फोनवरच्या ॲपने हे मोजू नका; इतक्या खालच्या पातळीवर ते भरवशाचं नसतं.)

आता समजा तुम्ही दीड लाख खर्च करून १२४ डेसिबलचा कन्व्हर्टर आणि भौतिकशास्त्राच्या मर्यादेला टेकलेला प्रीॲम्प आणला. ती मर्यादा खरोखर आहे: १५० ओहमच्या रोधाचा उष्णतेमुळे होणारा नॉइजच उणे १३१ डीबीयूच्या आसपास असतो, आणि कितीही पैसे मोजले तरी त्याखाली कुणी जाऊ शकत नाही. म्हणजे तुमच्या २आय२ पासून त्या मर्यादेपर्यंत जेमतेम तीन डेसिबलची वाट उरली आहे. तर, नवं सामान आल्यावर यंत्रांची बेरीज ७.८ वरून साडेपाचच्या आसपास येईल. दोन डेसिबलची सुधारणा, आणि ती खोलीच्या आवाजाखाली बावीस डेसिबल गाडलेली. खोली धरून एकूण फरक एका डेसिबलच्या शंभराव्या भागाएवढा.

तुम्हाला ऐकू येणारी सूं सूं म्हणजे तुमची खोली आहे. मंद्रात हळुवार आलाप करताना दोन फुटांवरच्या माइकपाशी आवाज साठच्या आसपास असतो. खोली तीसवर. त्यावर मिक्स करताना कंप्रेसरने, म्हणजे मोठ्या-लहान आवाजांतलं अंतर कमी करणाऱ्या साधनाने, दहा डेसिबल उचलले की मध्ये वीसच उरतात, आणि तानपुऱ्याच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत खोली उघडी पडते. महागडा प्रीॲम्प त्या खोलीचं फार स्वच्छ रेकॉर्डिंग करून देईल, इतकंच.

‘पातळ’पणाकडे वळते, कारण लोक प्रीॲम्प विकत घेतात ते मुख्यतः या शब्दासाठी.

दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झवर आवाज अडकून फुगतो, आणि मग त्याच्या पटीत: ११२, १६८. तुमची खोली दहा बाय दहा, आणि वर छतही साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर तिन्ही दिशांना हीच गत. सर्वांत वाईट आकार तो हाच, पण आपल्याकडच्या बिल्डरांना तो फार आवडतो. आता तुमचा षड्ज काळी एकचा, १३८.६ हर्ट्झ. त्याचा मंद्रातला कोमल धैवत येतो १११ हर्ट्झवर. खोलीच्या मधोमध बसून दरबारी गायलात तर तो धैवत, आंदोलनासकट, नेमका ११२च्या फुगवट्यात जाऊन बसतो. भोवतालचे स्वर एका उंचीचे, आणि हा एकटा घुमतो. मग आपण वैतागून इक्वलायझरवर खालचा भाग कापतो. धैवत आवरतो, पण त्याच्याबरोबर मंद्र षड्जापासून पंचमापर्यंतचं सगळं अंग जातं. राहतो तो पातळ आवाज. मी हे घरोघरी पाहिलं आहे: पातळपणाची तक्रार घेऊन आलेल्या रेकॉर्डिंगचं मूळ आधी खोलीच्या घुमण्यात असतं.

दुसरं कारण माइकचं अंतर. एनटी१-ए वरच्या पट्टीत थोडा उजळ आहे. दोन फुटांवरून त्याला तुमच्या छातीतला आवाज कमी आणि समोरच्या उघड्या भिंतीवरून परतलेला आवाज जास्त मिळतो. अंतर निम्मं केलंत, दोन फुटांवरून एका फुटावर आलात, की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोली आहे तिथेच राहते. सहा डेसिबल, फुकट. इतकी सुधारणा तुम्हाला कोणताही प्रीॲम्प देणार नाही. जवळ आल्यावर कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकचा खालचा भाग आपोआप थोडा भरतो, तोही पातळपणावर उपाय आहे. माइक तोंडाच्या अगदी समोर धरू नका. कपाळाच्या उंचीवर ठेवून हनुवटीकडे झुकवा, म्हणजे ‘प’, ‘फ’चे झोत खालून निघून जातील आणि तानेत डोकं हललं तरी आवाज पळणार नाही.

पहिला खर्च खोलीवर करा. ४८ किलो घनतेचा रॉकवूल, दोन बाय चार फुटांच्या लाकडी चौकटी, चार इंच जाडीच्या, वर साधं सुती कापड. सुतार लावून आठ-दहा चौकटी करून घ्या. त्यांतल्या दोन तुमच्या पाठीमागे, दोन दोन्ही बाजूंना, दोन छताखाली, उरलेल्या कोपऱ्यांत तिरक्या. भिंतीला चिकटवू नका. चार इंच पोकळी सोडली की त्याच रॉकवूलचं काम खालच्या सुरांपर्यंत उतरतं. अंड्याचे ट्रे आणि एक इंची फोम यांच्या नादी लागू नका. त्यांनी फक्त वरची चमक जाते, खालचा घुमारा तसाच राहतो, आणि खोली आणखी कोंदट वाटते. गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट हेही चांगलं साहित्य आहे, त्यात लाज वाटायचं कारण नाही. आणि खोलीच्या मधोमध बसू नका. ११२च्या फुगवट्याची शिखरं भिंतीपाशी आणि बरोबर मध्ये असतात. एका भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर बसलात तर तुम्ही त्याच्या दरीत असता. जमिनीवर सरकत सरकत मंद्र धैवत लावून पाहा. कुठे तो इतर स्वरांच्या ओळीत बसतो, ते कानाला लगेच कळेल.

असं सगळं म्हटलं तरी प्रीॲम्प कधीच लागत नाही असं नाही. मी स्वतः चार प्रकारचे वापरते, आणि प्रत्येकामागे कारण आहे.

एक कारण म्हणजे कमी आवाज देणारे माइक. निवेदन, कथाकथन, पॉडकास्ट करणाऱ्यांच्या घरी आता शूरचा एसएम७बी असतोच. तो डायनॅमिक माइक आहे, ९४ डेसिबलला उणे ५९ डीबीव्ही (म्हणजे साधारण उणे ५७ डीबीयू) इतकाच देतो, आणि कंपनी स्वतःच किमान ६० डेसिबल गेन, म्हणजे वाढ, लागेल असं सांगते. तुमच्या २आय२ च्या प्रीॲम्पचा गेन ५६. बोलण्याचा आवाज चार बोटांवरून ८२ डेसिबल धरला, तर गेनचं बटण पूर्ण उघडूनही पातळी डिजिटल शून्याच्या खाली, उणे २२च्या आसपास राहते. लोक घाबरतात, आणि फँटमवर (इंटरफेस माइकच्या केबलमधून देतो त्या विजेवर) चालणारा, २५ डेसिबल वाढवणारा छोटा बूस्टर घेऊन येतात. पण आपल्या मोजपट्टीवर ठेवून पाहा. या माइकबरोबर उणे १२८चा प्रीॲम्प २३ डेसिबलच्या आवाजाइतका नॉइज करतो. खोली तीसवर. इथेही खोलीच वर आहे! उणे २२ ही पातळी २४ बिटमध्ये अजिबात कमी नाही, नंतर संगणकात वाढवली तरी काही बिघडत नाही. हां, जुना किंवा अगदी स्वस्त इंटरफेस असेल, ईआयएन उणे १२० किंवा त्याहून वाईट, तर प्रीॲम्पचा नॉइज ३१ डेसिबलवर येतो आणि खोलीशी बरोबरी करतो. तिथे बूस्टर किंवा चांगला प्रीॲम्प पैसे वसूल करून देईल. त्याहून बारीक आवाज देणारे जुने रिबन माइक घेऊन सारंगी किंवा बासरी दोन फुटांवरून धरायची असेल तर ७० डेसिबल आणि वर गेन असलेला शांत प्रीॲम्प हवाच. तेव्हा काटकसर करू नका.

निवेदकांसाठी एक आकडा सांगून ठेवते, कारण अनेक जण त्यावरच अडतात. ऑडिबलसाठी पुस्तकं घेणारी एसीएक्स ही सेवा नॉइजची मर्यादा उणे ६० मागते, सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८, आणि शिखर उणे ३ च्या खाली. वरच्या हिशेबाने शांत खोलीत साध्या इंटरफेसवर बारा डेसिबल हातात ठेवून हे जमतं. ज्यांचं जमत नाही त्यांच्या खोलीत पंखा किंवा एसी चालू असतो, किंवा माइक हातभर लांब असतो.

दुसरं कारण वाहिन्यांची संख्या. घरी छोटी बैठक रेकॉर्ड करायची म्हटली तर गायन एक, हार्मोनियम एक, दायाँ-बायाँ दोन, तानपुरा एक, म्हणजे पाच झाले, आणि दुसरा तानपुरा किंवा साथीला कुणी शिष्य आला की सहा. इथे वेगळा आठ वाहिन्यांचा प्रीॲम्प, ज्याच्या पोटातच कन्व्हर्टर असतो, हा शहाणपणाचा मार्ग आहे. तो ॲडॅट या प्रकाशतंतूच्या केबलने इंटरफेसला जोडतात. एका केबलमधून ४८ किलोहर्ट्झवर आठ वाहिन्या जातात, ९६ वर चारच. मात्र इंटरफेसला ऑप्टिकल इनपुट हवं. २आय२ ला ते नाही. ऑडिएंटच्या आयडी१४ ला आहे, फोकसराइटच्याच १८आय८ ला आहे, आरएमईच्या बेबीफेस प्रो एफएसला आहे. म्हणून इंटरफेस बदलायची वेळ आलीच तर आज दोनच वाहिन्या लागत असल्या तरी ऑप्टिकल दार असलेला घ्या. पुढे वाढायची सोय राहते.

ॲडॅट जोडताना घड्याळाचं लक्षात ठेवा. दोन यंत्रांपैकी एकानेच ताल धरायचा, दुसऱ्याने त्याच्या मागे जायचं. दोघंही आपापल्या घड्याळावर चालली तर रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून टिक टिक येते, आणि ती कुठून येते ते शोधण्यात रात्र जाते. एकट्या यंत्राला मात्र बाहेरून महागडं घड्याळ जोडून आवाज सुधारतो, यावर विश्वास ठेवू नका. चांगल्या यंत्राचं आतलं घड्याळच त्याच्यासाठी सर्वांत स्थिर असतं.

तिसरं कारण रंग. ज्या नीव्ह १०७३ चं नाव सगळे आदराने घेतात, तो १९७० सालचा, मोठ्या स्टुडिओच्या कन्सोलमधला एक खण होता. आत शिरताना ट्रान्सफॉर्मर, बाहेर पडताना ट्रान्सफॉर्मर, ८० डेसिबलपर्यंत गेन. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला खालच्या सुरांवर जोर दिला की तो थोडी विकृती मिसळतो, दुसऱ्या-तिसऱ्या पटीतले सूर. त्यामुळे आवाज भरल्यासारखा वाटतो. हे खरं आहे, आणि सुंदरही आहे. पण हा रंग जोर दिल्यावर चढतो. बेताच्या पातळीवर तो इतका थोडा असतो की आंधळ्या चाचणीत मला स्वतःला खात्रीने ओळखता येत नाही. ढोलकीला, भारदस्त निवेदनाला मी तो आवडीने लावते. ख्यालाला लावत नाही. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याच्या जवारीत जो वरच्या सुरांचा पिसारा असतो, त्यावर गायकाचा स्वर टेकलेला असतो. तिथे दुसऱ्या कुणी आपले सूर मिसळलेले मला नको असतात. हे माझं मत आहे. यावर माझे काही जाणते सहकारी माझ्याशी भांडतात.

आता एक चूक, जी मी स्वतः केली. पहिला बाहेरचा प्रीॲम्प आणला तेव्हा त्याची एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) केबल मी इंटरफेसच्या माइक इनपुटला जोडली, कारण खोबण जुळत होती. म्हणजे एका प्रीॲम्पमधून निघालेला आवाज दुसऱ्या प्रीॲम्पमध्ये. गेन तळाशी ठेवला, आवाज फाटत नव्हता, म्हणून संशय आला नाही. आठ महिने तसंच चाललं. त्या काळात एका ज्येष्ठ गायिकेचं घरी येऊन केलेलं रेकॉर्डिंग आहे, ते परत करता आलं नाही. आजही ते ऐकताना तारसप्तकातल्या तानेला किंचित दाबल्यासारखं होतं ते मला ऐकू येतं. तेव्हा बाहेरचा प्रीॲम्प नेहमी लाइन इनपुटला (आधीच वाढवलेल्या सिग्नलसाठीची खोबण), टीआरएस केबलने (मोठ्या हेडफोनसारखी पिन असलेली). आणि हेही बघा की अनेक स्वस्त इंटरफेसमध्ये लाइन इनपुट म्हणजे आवाज आधी दाबून मग त्याच आतल्या प्रीॲम्पमधून नेलेला असतो. अशा ठिकाणी महागडा प्रीॲम्प लावून तुम्ही आतल्याला टाळलेलंच नसतं. प्रीॲम्पवर खर्च करायचाच असेल तर इंटरफेसला खरं, थेट लाइन इनपुट आहे का, हे आधी बघा.

वेगळा कन्व्हर्टर घरी कधी घ्यावा? माझ्या मते सर्वांत शेवटी. दहा-बारा चांगले प्रीॲम्प जमले, बाहेरचे कंप्रेसर आले, एकावेळी सोळा वाहिन्या लागू लागल्या, तर. आजचा साधा इंटरफेससुद्धा ११० डेसिबलच्या वर जातो. २४ बिटचे कागदावर १४४ डेसिबल होतात, पण तिथवर कोणताच कन्व्हर्टर पोचत नाही, आणि पोचायची गरजही नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि शिखर उणे १२च्या आसपास: एवढं करा आणि त्या विषयाचा विचार सोडून द्या. पूर्वी १६ बिटच्या काळात पातळी शून्याला टेकवायची धडपड असायची, तीच सवय अजून शिकवली जाते. त्यामुळे गायक मोकळा झाला की तान फाटते. सध्या ३२ बिट फ्लोटची चर्चा आहे. कुणी बटणाशी बसलेलं नसेल, गाणारा आणि रेकॉर्ड करणारा एकच असेल, तर ती खरी सोय आहे, पातळी चुकली तरी सावरता येते. त्याने नॉइज मात्र कमी होत नाही.

इंटरफेस बदलायला एक वेगळं, फारसं न बोललं जाणारं कारण असतं: हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज कसा परत येतो. संगणकातून फिरून दहा मिलिसेकंद उशिराने आलेला आवाज कवटीतून ऐकू येणाऱ्या आवाजात मिसळला की स्वर पोकळ वाटतो, आणि गायक नकळत सूर ढकलू लागतो. डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण लावून गा. तुमच्या इंटरफेसला ते आहे. त्यावर समाधान झालं नाही, हेडफोनचा आवाज अपुरा पडला, तर त्यासाठी जास्त चांगला इंटरफेस घ्यायला माझी हरकत नाही. गाणं सुधारतं त्याने.

विजेचा त्रास वेगळा ओळखता आला पाहिजे, नाहीतर तोही प्रीॲम्पच्या नावावर खपतो. सूं सूं नसून घुर्रर्र असेल तर तो ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. घुर्र गेली तर दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला चार्जर कारण आहे. लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात ना, तीच गळती. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, तीन पिनांच्या चांगल्या अर्थिंगवर घ्या. अर्थची पिन कापून घुर्र घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर हेही गुन्हेगार असतात; शेजारच्या खोलीत पंखा मधल्या वेगावर असला तरी करकर आत येते. माऊस हलवला की बारीक शिट्टी बदलत असेल तर ती यूएसबीतून येते, वेगळ्या खोबणीत लावून पाहा.

पावसाळ्यात कंडेन्सर माइक मधूनच फट् फट् करू लागला तर घाबरू नका, पडद्याजवळ ओल धरलेली असते. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवत जा, आणि केबल काढण्याआधी फँटम बंद करून अर्धा मिनिट थांबा.

हे सगळं माझ्या शब्दावर मानायची गरज नाही. एक चाचणी सांगते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला १५० ओहमचा रेझिस्टर आणि एक्सएलआरचा एक सुटा प्लग घ्या, दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये तो रेझिस्टर डाखवून घ्या. हा झाला ‘संपूर्ण शांत माइक’. फँटम बंद करा, गाताना ठेवता तोच गेन ठेवा, हा प्लग लावून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग गेनला हात न लावता खरा माइक लावा, फँटम चालू करा, रात्री पंखा बंद करून खोलीची शांतता अर्धा मिनिट घ्या. दोन्ही फायलींना ८० हर्ट्झखाली कट लावा, म्हणजे रस्त्याची गुरगुर हिशेबात येणार नाही, आणि दोन्हींची सरासरी पातळी वाचा. खोलीची फाइल वीस डेसिबलहून जास्त वर असेल, आणि तुमच्या सामानावर ती असायला हवी, तर सुताराला बोलवा, रॉकवूल आणा, माइक एका फुटावर घ्या, उरलेले पैसे तसेच ठेवा आणि चार महिने गात राहा. फरक दहाच्या आत आला तर तुमच्या इंटरफेसमध्येच दोष आहे. मग वर सांगितलेल्या ऑप्टिकल दाराच्या इंटरफेसपैकी एक घ्या, खोलीचं काम त्यानंतर.